स्टेपनी ठेवायची की रन-फ्लॅट घ्यायचे? नाशिकच्या एका कुटुंबासाठी उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं त्याला धरून होईल. तुम्ही नाशिकला राहता. घरी २०५/६५ आर १६ टायरची इनोव्हा क्रिस्टा आहे. आता एक जुनी जर्मन एसयूव्ही चांगल्या किमतीत मिळते आहे. तिला चारही टायर रन-फ्लॅट आहेत आणि स्टेपनी नाहीच. विकणारा सांगतो, पंक्चर झाली तरी ८० किलोमीटर जाते, स्टेपनी हवीच कशाला. वहिनींचा मात्र स्टेपनी नसलेल्या गाडीला ठाम नकार आहे. महिन्यातून दोनदा त्या एकट्या, दोन मुलं आणि आईंना घेऊन कसारा उतरून ठाण्याला जातात. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही सगळे समृद्धीने नागपूरला जाता. तुमचा दुसरा प्रश्न असा, की इनोव्हाच ठेवली तर तिलाच रन-फ्लॅट बसवून स्टेपनी काढून टाकावी का, म्हणजे जॅक-पाना करायची वेळच येणार नाही.

टायर आणि अलाइनमेंटच्या धंद्यात मला सत्तावीस वर्षं झाली. माझं उत्तर सरळ आहे. इनोव्हा ठेवा, तिची स्टेपनी ठेवा, तिला रन-फ्लॅट बसवू नका. जर्मन गाडी घ्यायचीच असेल तर आधी स्टेपनीची सोय करा, मग कुटुंबाला लांब न्या. वहिनी बरोबर बोलत आहेत. पण रन-फ्लॅट बनवणाऱ्यांनी एक गोष्ट फार नेमकी ओळखली आहे. ती तुम्ही आणि वहिनींनी, टायर कुठलाही असो, उचललीच पाहिजे. तिच्याकडे शेवटी येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

आधी रन-फ्लॅट काय करतो ते पाहू. साध्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मऊ असते. गाडीचं वजन ती उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा गेली की साइडवॉल घडी पडून रिमखाली येते, रिमची धार तिला दोन्ही बाजूंनी चावत जाते आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये टायर कामातून जातो. असा टायर मशीनवर उघडला की आतून रबराचा काळा भुसा पडतो. रन-फ्लॅटमध्ये साइडवॉलच्या आतल्या बाजूला उष्णता सोसणाऱ्या कडक रबराचा जाड थर दिलेला असतो. हवा शून्य झाली तरी ती भिंत उभी राहते आणि काही काळ गाडीचं वजन स्वतः पेलते. टायरवर आरएफटी, झेडपी, आरओएफ, एसएसआर अशी कंपनीनुसार वेगवेगळी अक्षरं असतात, अर्थ एकच.

ही भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा ताठ होते. लोखंडी तार हातात धरून पुढे-मागे वाकवली की वाकलेल्या जागी चटका बसतो ना, तसंच इथे होतं. रबर आतून तापत जातं. ८० किलोमीटर अंतर आणि ताशी ८० चा वेग ही मर्यादा त्या तापण्यामुळे आली आहे. आता विकणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट ऐका. हे ८० किलोमीटर गाडीत किती वजन आहे यावर अवलंबून असतात. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात हे अगदी स्वच्छ छापलेलं होतं. एक-दोन माणसं आणि सामान नसेल तर सुमारे २५० किलोमीटर, मध्यम वजनाला सुमारे १५०, आणि चार किंवा जास्त माणसं व डिकी भरलेली असेल तर सुमारे ५०. एकच गाडी, तेच टायर, आणि अंतर पाच पटींनी कमी. कुटुंबाची गाडी म्हणजे नेमकी ती तिसरी अवस्था. दिवाळीत नागपूरला जाताना तुमची गाडी कशी भरलेली असते ते आठवा. आईंची बॅग, फराळाचे डबे, मुलांच्या सायकली वर. तिथे विकणाऱ्याचे ८० किलोमीटर धरून चालू नका.

म्हणूनच इनोव्हाला रन-फ्लॅट ही कल्पना मुळातच बसत नाही. २०५/६५ म्हणजे साइडवॉलची उंची २०५ च्या ६५ टक्के, सुमारे १३३ मिलिमीटर. जर्मन गाडीला समजा २२५/५० असेल तर ती ११२ भरते, २२५/४५ असेल तर १०१. भिंत जितकी उंच तितकं हवेशिवाय तिला उभं ठेवणं अवघड. त्यामुळे रन-फ्लॅट मुख्यतः बुटक्या टायरमध्ये बनतात, आणि तुमच्या मापात आमच्याकडे दुकानात ते येत नाहीत. बाहेरून कुठून मिळवलेत तरी दोन अडचणी राहतात. रन-फ्लॅटसाठी रिमलाही आतून जास्त उंच कड लागते, म्हणजे हवा गेल्यावर टायर जागेवरून निसटत नाही. शिवाय तुमच्या गाडीत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, नाही असं तुम्ही लिहिलं आहे. रन-फ्लॅटची भिंत ताठ असल्यामुळे हवा गेलेली स्टिअरिंगला नीट कळत नाही. दाब दाखवणारा दिवा नसेल तर वहिनी शंभरच्या वेगाने शून्य हवेवर गाडी चालवत राहतील आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. टीपीएमएसशिवाय रन-फ्लॅट मी कुणालाच बसवून देत नाही.

आता आपल्या रस्त्यांवर टायर जातात कसे, ते बघू. खिळा, स्क्रू, तारेचा तुकडा ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, घुसला हे सगळ्यात जास्त होतं. त्यात हवा हळू जाते, गाडी दुकानापर्यंत चालत येते, आणि भोकात रबराची स्ट्रिप भरून किंवा आतून मशरूमच्या आकाराचं ठिगळ मारून टायर पुन्हा कामाला लागतो. यातले बहुतेक लोक रस्त्यात अडकतच नाहीत. जे अडकतात, रात्री फोन करतात, त्यांची गोष्ट वेगळी असते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, चाक त्याच्या पलीकडच्या धारेवर आदळतं, रिम आणि खड्डा यांच्या चिमट्यात साइडवॉल सापडते. आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो, किंवा टायर तिथेच चिरतो, रिम वाकते. जून ते सप्टेंबर माझ्या दुकानासमोर अशा चाकांची रास लागलेली असते. बुटक्या टायरच्या गाड्या त्यात जास्त असतात, कारण खड्ड्याचा मार पचवायला त्यांच्याकडे रबराची उंचीच कमी. रन-फ्लॅटची ताठ साइडवॉल तो मार स्वतः न घेता रिमकडे ढकलते. वाकलेल्या अलॉय रिमचं प्रमाण या गाड्यांत जास्त असल्याचं मी वर्षानुवर्षं बघतो आहे. रिमच चिरली किंवा साइडवॉल मोठी फाटली तर रन-फ्लॅटचं आश्वासन तिथेच संपतं. अशा वेळी चाकाच्या जागी चाकच लागतं.

समृद्धीचा विचार वेगळा करायला हवा, कारण तुमचा लांबचा प्रवास तिथून आहे. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मुभा, आणि दुचाकी-तीनचाकीला बंदी. ही बंदी सुरक्षेसाठी योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. एरवी महामार्गावर पंक्चरवाला मोटारसायकलला कॉम्प्रेसर बांधून तुमच्यापर्यंत येतो. समृद्धीवर तो येऊ शकत नाही. मधेच कुठे उतरून गावातलं दुकान गाठावं तर इंटरचेंज एकमेकांपासून बरेच लांब. म्हणजे तिथे तुमच्याजवळ जे आहे तेच तुमचं.

प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे, की समृद्धीवरच रन-फ्लॅटची बाजू भक्कम करणाऱ्या दोन घटना घडल्या आहेत. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री वाशिम जिल्ह्यात मालेगाव आणि वनोजा टोलनाक्यांच्या दरम्यान रस्त्यावर पडलेल्या लोखंडी पत्र्यामुळे पन्नासहून जास्त गाड्या पंक्चर झाल्या आणि माणसं रात्री रस्त्यावर अडकली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ काँक्रीटच्या भेगा भरण्यासाठी बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांवरून काही गाड्या गेल्या आणि त्यांचे टायर गेले. अशा ठिकाणी पुढचं आणि मागचं अशी एकाच बाजूची दोन चाकं एकदम जातात. स्टेपनी एकच असते. तिथे चारही रन-फ्लॅट असलेली गाडी हळूहळू पुढच्या नाक्यापर्यंत जाईल आणि तुमची इनोव्हा उभी राहील. हा मुद्दा मी नाकारत नाही. याला माझ्याकडे उपाय आहे तो पुढे सांगतो.

पण त्या पुढच्या नाक्यावर पोहोचल्यावर काय, हा प्रश्न रन-फ्लॅटवाल्याला सुटत नाही. समजा मेहकरजवळ रविवारी संध्याकाळी टायर गेला. ५० किलोमीटर जाऊन तुम्ही एखाद्या तालुक्याच्या गावी पोहोचलात. तिथल्या दुकानात ट्रकचे, ट्रॅक्टरचे, बोलेरोचे टायर मिळतील. २२५/५० आर १८ रन-फ्लॅट मिळणार नाही. तो मोठ्या शहरातून मागवावा लागेल, दोन-तीन दिवस लागतील. दुरुस्ती करावी म्हटलं तर शून्य हवेवर चाललेला रन-फ्लॅट आतून कुठे किती भाजला हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच कंपन्या तो दुरुस्त करू नका असंच सांगतात. दुरुस्त करण्यासारखा असला तरी ती ताठ साइडवॉल रिमवरून उतरवायला मदतीचा जादा हात असलेलं मशीन लागतं. पहारीने आणि साध्या मशीनने ओढाताण केली की टायरची कड फाटते, आतला सेन्सर तुटतो. मग गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागते, आणि मुलं, आई, सामान यांची वेगळी सोय. स्टेपनीवाला माणूस तिथल्या तिथे अर्ध्या तासात चाक बदलून रात्रीच्या जेवणाला नागपुरात असतो.

हे फक्त आपल्या रस्त्यांचं रडगाणं आहे असं समजू नका. अमेरिकेत आपली कितीतरी मराठी कुटुंबं टोयोटा सिएना चालवतात. तिच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या मॉडेलला २००४ पासून बरीच वर्षं कंपनी रन-फ्लॅट देत होती, कारण मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टने स्टेपनीची जागा घेतली होती. टायर लवकर झिजतात, महाग पडतात, अडनिड्या गावी मिळत नाहीत, अशा तक्रारी तिथेही झाल्या. कित्येक मालकांनी शेवटी साधे टायर बसवले आणि एक चाक डिकीत टाकून फिरायला लागले. होंडाने ओडिसीच्या वरच्या मॉडेलमध्ये मिशेलिनची पॅक्स नावाची पद्धत दिली होती, टायरच्या आत आधाराचं कडं असलेली. तो टायर खोलायला खास मशीन लागायचं आणि ते मोजक्याच दुकानांत असायचं. ती पद्धत काही वर्षांत गुंडाळली गेली. टायर चांगलाच होता, वाटेत दुरुस्त करणारं कुणी नव्हतं.

तिसरा पर्याय हल्ली नव्या गाड्यांत येतो. ना रन-फ्लॅट, ना स्टेपनी, फक्त फोमची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. विकणारा सांगेल की कायद्याने चालतं, आणि ते खरं आहे. जुलै २०२० च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. जागा वाचते, इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बसवता येते, हा त्यामागचा विचार. शहरात फिरणाऱ्या गाडीला हे पुरेसंही आहे. पण ती बाटली ट्रेडमधलं साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजवते. साइडवॉलची चीर, फुगा, वाकलेली रिम यांपुढे तिचं काही चालत नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती उलटली की आतला द्राव काम करत नाही. गाडी घेतल्यापासून ती तारीख कुणी पाहिलेली नसते.

स्टेपनी हा शब्द कुठून आला ते सांगायचा मोह आवरत नाही, कारण आपल्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर एक कारखाना होता. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी स्पोक नसलेलं, टायर चढवलेलं एक जादा कडं बनवलं. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवायचा आणि ठिगळ लावायचं. हे कडं पंक्चर झालेल्या चाकालाच शेजारून आवळून बसवायचं आणि पुढे निघायचं. कारखान्याच्या रस्त्याचं नाव आपल्याकडे इतकं रुजलं की आज खेड्यातला पोरगाही स्टेपनीच म्हणतो. माणसाने जिथे पोहोचायला हवं तिथे त्याच दिवशी पोहोचावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती अजून कुणी याहून चांगली पुरी केलेली नाही.

आता ती महत्त्वाची गोष्ट. रन-फ्लॅटचा खरा उपयोग ८० किलोमीटर जाण्यात नाही. कुठे थांबायचं हे तुम्हाला ठरवता येतं, ही त्याची मोठी देणगी आहे. पंक्चरने माणूस मरत नाही. पंक्चर झाल्यावर जिथे थांबतो, तिथे मागून येणारी गाडी जीव घेते. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या नेहमीच्या एका गिऱ्हाइकाचा मृत्यू असाच झाला. अंधारात, महामार्गावर, ड्रायव्हरच्या बाजूचं मागचं चाक बदलायला ते रस्त्याकडे पाठ करून बसले होते. त्या चाकाचे नट आदल्याच आठवड्यात मी आवळले होते. टायर वाचावा म्हणून पंक्चर झाल्या जागीच ते थांबले होते. दोनशे पावलांवर पेट्रोल पंप होता. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः एकट्याने गाडी चालवणाऱ्यांना, मी हेच सांगत आलो आहे: टायर गेला तर जाऊ द्या, पण धोक्याच्या जागी थांबू नका.

साध्या टायरवरही तुम्ही हे करू शकता. हवा गेल्याचं कळलं की ब्रेक जोरात मारायचा नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप पडू द्यायचा, चारही इंडिकेटर लावायचे, आणि मग माणूस चालतो त्या वेगाने, दहा-पंधराच्या वर न जाता, पंप, ढाबा, टोलनाका, रुंद मोकळी जागा जे काही पुढे असेल तिथवर गाडी न्यायची. टायर मरेल, कदाचित रिमही जाईल. तुमच्या मापाचा चांगला टायर आठ-दहा हजारांत येतो. कसाऱ्याच्या वळणावर वहिनींनी मुलांना गाडीत बसवून चाक बदलण्यापेक्षा एक काय, चार टायर गेलेले परवडतील. हे वहिनींना तुम्ही स्वतः स्पष्ट सांगा. टायरच्या खर्चाबद्दल घरी कुणी काही बोलेल या धास्तीने बायका जागच्या जागी थांबतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

अगदीच पुढे जाता येत नसेल तर डाव्या कडेला जितकं आत घेता येईल तितकं घ्यायचं, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करायचं, आणि मदत बोलवायची. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२. समृद्धी राज्याचा रस्ता आहे, तिथला मदतीचा नंबर फलकांवर असतो, तो आत शिरतानाच फोनमध्ये घालून ठेवा. धोक्याचा त्रिकोण मागे किमान पन्नास मीटरवर, वेगाच्या रस्त्यावर त्याहून बराच लांब. रात्री रस्त्याच्या बाजूचं चाक वहिनींनी स्वतः बदलू नये. डाव्या बाजूचं, सुरक्षित जागी, खुशाल बदलावं.

तुमच्या इनोव्हासाठी आता कामाचं सांगतो. टीपीएमएस बाहेरून बसवून घ्या. वॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर स्वस्त असतात, पण चोरीला जातात. आत बसणारे घ्या. रन-फ्लॅटवाल्या गाडीचं अर्धं शहाणपण या दिव्यात आहे. हवा ३२ ची २६ झाली की तो सांगतो, आणि तुम्ही टायर मरायच्या आत पंपावर पोहोचता.

दोन टायर एकदम जाण्यावरचा उपाय हाच: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि स्ट्रिपचं किट गाडीत ठेवा. खिळ्याचं भोक असेल तर चाक न काढताही स्ट्रिप मारता येते. भोक कसं मोकळं करायचं, स्ट्रिप किती आत ढकलायची हे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे जुन्या टायरवर एकदा हाताने करून बघा. एका चाकाला स्ट्रिप, दुसऱ्याला स्टेपनी, असं करून समृद्धीवरच्या त्या पत्र्याच्या रात्रीसारख्या प्रसंगातूनही बहुतेक वेळा निघता येतं. हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी आणि जॅकखाली घालायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी हेही ठेवा. पावसाळ्यात जॅक मातीत रुततो, फळी नसेल तर सगळं असून काही होत नाही.

स्टेपनीची हवा कुणीच बघत नाही. इनोव्हाची स्टेपनी मागे, गाडीच्या पोटाखाली साखळीवर लटकते. चिखल, पाणी, कोकणात गेलात तर खारी हवा, सगळं तिच्यावर. साखळीचं यंत्र गंजतं आणि ऐन वेळी उतरत नाही. मी कितीतरी गाड्यांच्या स्टेपनीत दहा-बारा पीएसआय हवा बघितली आहे. दर दुसऱ्या महिन्याला ती तपासा, नेहमीच्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, कमी करणं सोपं असतं. टायरवरचा चार आकड्यांचा कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेला टायरही म्हातारा होतो. सहा-सात वर्षांवरच्या स्टेपनीवर घाटात भरवसा ठेवू नका. पाचही रिम एकसारख्या असतील तर स्टेपनी फिरतीत घ्या, म्हणजे पाचही टायर बरोबर झिजतील. रिम लोखंडी असेल तर तिला वेगळे नट लागतात का ते आधी विचारून घ्या.

समृद्धीवर जाण्याआधी आणखी एक. टायर फुटण्यापासून रन-फ्लॅट वाचवत नाही, स्टेपनीही वाचवत नाही. विदर्भाच्या मे महिन्यात, तापलेल्या काँक्रीटवर, कमी हवेचा किंवा गोटा झालेला टायर तासभर शंभर-सव्वाशेने पळवला की तो फुटतो. २०२३ मध्ये आरटीओने समृद्धीच्या प्रवेशाजवळ टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली ती याचसाठी. सकाळी टायर थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी दारावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो भरा. वाटेत गरम टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नका. नायट्रोजनवर फार पैसे घालवू नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

जर्मन गाडी मनात भरलीच असेल, तर तिचे रन-फ्लॅट झिजल्यावर त्याच मापाचे, त्याच किंवा जास्त वजनक्षमतेचे साधे टायर बसवता येतात. गाडी मऊ चालते, खर्च कमी होतो. मात्र एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, एक रन-फ्लॅट आणि एक साधा असं कधीही करायचं नाही, आणि स्टेपनी, जॅक, पाना घेतल्याशिवाय हा बदल करायचा नाही. डिकीत चाकासाठी खळगा नसेल तर स्टेपनी सामानाच्या जागेत येते, ती पट्ट्याने बांधावीच लागते. घेण्याआधी एक रिकामं चाक त्या डिकीत ठेवून उरलेल्या जागेत आईंची बॅग आणि मुलांचं सामान मावतं का ते बघा. बारीक स्टेपनी मिळाली तर तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही, आणि हवा तिच्यावर छापलेली असते तितकीच भरायची, बहुतेक बारीक टायरांना ती ६० पीएसआय लागते.

या रविवारी एक करा. गाडी सपाट जागी लावा, आणि तुम्ही बाजूला उभे राहून वहिनींना स्टेपनी खाली उतरवू द्या. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, जॅक कंपनीने दिलेल्या जागीच लावायचा, उचलल्यावर गाडीखाली हात-पाय घालायचा नाही, नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळायचे. पहिल्या वेळी पाऊण तास लागेल. साखळी अडकली किंवा एखादा नट हलला नाही, तर गाडी घेऊन सोमवारी दुकानात या. नट मशीनने गरजेपेक्षा जास्त आवळलेले असतात, हे आमच्याच धंद्यातलं पाप आहे. ते सैल करून हाताच्या पान्याने, वहिनींना उघडता येतील इतपत आणि कंपनीने सांगितलेल्या मापाने, पुन्हा आवळून देईन.